मागच्या रांगेतला तिसरा

झोंडी मास्तर गाणं शिकवताना मारायचे. बागेला पाणी घालायच्या रबरी नळीचा हातभर तुकडा त्यांच्या टेबलावर पडलेला असे. ज्याचा सूर घसरेल त्याने आपण होऊन पुढे यायचं आणि हात पसरायचा, अशी पद्धत होती. मुली हात पुढे करण्याआधी तळवा स्कर्टला घासून गरम करून घेत. त्याने कमी लागतं अशी त्यांची समजूत. मास्तर स्वतः असाच मार खाऊन सूर शिकले होते. पीटरमॅरिट्झबर्गजवळच्या त्या खोऱ्यातल्या हायस्कुलाला त्यांच्या कॉयरने, म्हणजे मुलांच्या गायनवृंदाने, स्पर्धांत सहा ढाली मिळवून दिल्या होत्या, त्यामुळे आईबाप काही बोलत नसत.

नळी धरायची हिंमत एकानेच केली होती. त्याचं नाव डुमीसा. टेनरमध्ये, म्हणजे मुलग्यांच्या वरच्या पट्टीत गायचा, गळा गोड, पण सूर शेवटपर्यंत टिकत नसे. सत्त्याऐंशी साली मास्तरांनी सगळ्या कॉयरसमोर त्याची पाठ अशी झोडली, की शर्ट अंगाला चिकटला. तेव्हा त्याने नळी हातात पकडली.

"बास, मास्तर. मी आता लहान नाही."

"मग शाळेत काय करतोस? जा घरी."

तो गेला तो गेलाच.

एकोणनव्वदच्या जानेवारीत शाळा सुरू झाली तेव्हा खोऱ्याचे दोन तुकडे झाले होते. डोंगरावरच्यांचा पक्ष वेगळा, खालच्यांचा वेगळा, आणि शाळा खालच्या वस्तीत. फेब्रुवारीत वादविवाद मंडळाच्या चिटणीस मुलाला पाण्याच्या नळापाशी भोसकलं, मंडळ बंद झालं. फुटबॉलचं मैदान नेमकं हद्दीवर, तिथे कुणी चेंडू आणायलाही जाईना. मुलींचं कवायतीचं पथक होतं, त्यांचे ढोल कुणीतरी फोडले. बायबल वाचणारी मुलं तेवढी काही दिवस जमत होती, मग तीही घरी बसली. कॉयर मात्र चालू राहिला. मास्तर रोज तीन वाजता फळ्यावर डो-रे-मी लिहीत, आणि चाळीस मुलं दारं लावून गात.

बेसची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची मागची रांग जवळजवळ सगळी डोंगरावरची. वरच्या गारव्याने गळे खोल होतात, असं मास्तर म्हणायचे. ईस्टरला डोंगरावरून माणसं उतरली, अकरा घरं पेटवली, चार माणसं जाळली. त्यानंतर मागची रांग रिकामी झाली, मास्तरांनी खालची मुलं घेऊन ती पुन्हा भरली. डोंगरावरचा एकच मुलगा राहिला, बोंगुमुसा. त्याच्या थोरल्या भावाला पेट्रोलचा डबा वाहताना लोकांनी पाहिलं होतं. त्यामुळे खालचे त्याच्या जिवावर उठले होते, आणि खालच्यांबरोबर शिकतो म्हणून वरचेही त्याला घरात घेईनात. मास्तरांनी त्याला आपल्या मागच्या खोलीत ठेवलं. शाळेत नेताना आणताना ते स्वतः बरोबर असत.

मास्तरांची बायको थोकोझिले दवाखान्यात नर्स होती. रोज जखमा शिवून यायची.

"आज तिघं आणले," ती एकदा ताटात मक्याचा भात वाढताना म्हणाली. "एकाला शिवायला काही उरलंच नव्हतं. अहो, त्या पोराला डर्बनला त्याच्या मावशीकडे पाठवा."

"सप्टेंबरमध्ये स्पर्धा आहे. ती झाली की पाठवतो."

"सप्टेंबरपर्यंत राहील तो?"

"त्याच्याइतका खालचा सूर खोऱ्यात दुसऱ्या कुणाला लागत नाही, थोको."

"तेच म्हणते मी. तुम्ही पोराला नाही ठेवलं, त्याचा गळा ठेवलाय. पोर आपलं गळ्याबरोबर फुकट आलंय."

मास्तर जेवत राहिले. मुलाला पाठवावंसं त्यांना वाटलं नाही.

जुलैत एका शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात कॉयरचा जलसा ठरला. स्पर्धेला जायच्या बसचं भाडं त्यातून काढायचं होतं. असा जलसा तिकडे दरवर्षी होतो. टेबलाशी अध्यक्ष बसतो, पुढ्यात ताटली आणि घंटा. ज्याला जे हवं ते त्याने पैसे टाकून मागावं. कुणाला ते नको असेल तर त्याने जास्त पैसे टाकून बोली मोडावी. अध्यक्ष होते म्हातारे मलिंगा.

दोन गाणी मजेत झाली. "वीस सेंट, आल्टोतल्या त्या जाड्या मुलीने भिंतीकडे तोंड करून गावं!" "तीस सेंट, गाणारीने नव्हे, तुझ्या नवऱ्याने भिंतीकडे तोंड करावं!" सभागृह हसत होतं. तेवढ्यात दारातून पाचजण आत आले. हिवाळा होता, म्हणून त्यांच्या लांब कोटांचं कुणाला काही वाटलं नाही. पुढे डुमीसा होता, आता खालच्या पक्षाच्या पोरांचा म्होरक्या.

त्याने ताटलीत पाच रँडची नोट टाकली.

"मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा. त्याने फाटकाबाहेर उभं राहून गावं. लांबून कसं वाटतं ते ऐकायचंय."

एकदोघे सवयीने हसले. तिसरा म्हणजे बोंगुमुसा. तो हलला नाही, फक्त ओठ पांढरे पडले.

"सहा," मास्तर म्हणाले. "तो इथेच गाईल."

"दहा."

"पंधरा." मास्तरांनी खिसा उलटा केला. आणखी काही नव्हतं.

"वीस," डुमीसा म्हणाला. त्याने कोटातून ऊस तोडायचा कोयता काढला आणि ताटलीशेजारी आडवा ठेवला. "आणि वर हा. ह्याचे किती धरता, अध्यक्ष?"

मलिंगांनी घंटा आपल्याकडे ओढली. "सौदा गाण्याचा आहे, पोरा."

"मग गाऊ दे की. मी कुठे नको म्हणतोय? काय मास्तर, सूर कुणाचा पडतोय आज?"

मास्तरांना एकदम थोकोझिलेचं बोलणं आठवलं. हा मुलगा एव्हाना डर्बनला असता. त्याला त्यांनीच त्या रांगेत उभं केलं होतं, आणि तेही एका सुरापायी. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि ताटलीत टाकलं.

"बोली मोडत नाही. तीत भर घालतोय," ते म्हणाले. "तिसरा बाहेर जाईल. त्याच्याबरोबर बाकीचे एकोणचाळीस जातील. आणि मी."

"असं नाही चालत!" डुमीसा ओरडला.

"चालतं," मलिंगा म्हणाले. "माझ्या बापाच्या वेळेपासून चालतं."

मागून थोकोझिले उठली. "माझे पन्नास सेंट. मीही जाणार."

"माझे वीस."

"माझ्याकडे दहाच आहेत, अध्यक्ष. दहात एक म्हातारी बसते का?"

बायका एकामागून एक उठल्या. नाणी ताटलीत पडत राहिली, काही कोयत्याच्या पात्यावर आपटून खाली घरंगळली. मलिंगांनी घंटा वाजवली.

"मंजूर. चला, नोंदाबा," त्यांनी मास्तरांना कुळाच्या नावाने हाक मारली. "सूर द्या."

मास्तरांनी सूर दिला. मुलांनी बोंगुमुसाला मधे घेतलं आणि ती गातच बाहेर पडली. फाटकाशी आणखी आठ-दहाजण उभे होते. टेबलावरचा कोयता उचलून डुमीसा मागोमाग आला आणि त्याने घोळक्यात हात घालून बोंगुमुसाची कॉलर पकडली. आल्टोतल्या एका मुलीने त्या हाताला कडकडून चावा घेतला. त्याने कोयत्याची मूठ तिच्या तोंडावर हाणली. ती खाली बसली, दोन दात थुंकली आणि पुन्हा उठून तिथेच उभी राहिली. मास्तर मधे पडले. दुसरा वार त्यांच्या उजव्या हातावर बसला. बाही फाटली, मांस उघडं पडलं, आत काहीतरी पांढरं दिसलं. ते हाड आहे हे त्यांना क्षणभराने कळलं. त्यांनी डाव्या हाताने ताल धरला.

गाणं ऐकून घरांतून माणसं बाहेर येऊ लागली. कुणाची आई, कुणाची आत्या, कुणाचा आजा.

"थांबवा ते!" डुमीसा किंचाळला. "गाणं थांबवा, मास्तर!"

"वीस रँड दिलेस ना? ऐक आता."

डर्बनची बस जायची तो डांबरी रस्ता अर्ध्या मैलावर होता. तेवढं अंतर दगडांचा मारा चालू होता. एका टेनरचं कपाळ फुटलं, तो गात राहिला, रक्त तोंडात जाऊन त्याचे शब्द बुडबुड करत होते. एका बाईने दगड उचलून उलटा भिरकावला, तो डुमीसाच्या साथीदाराच्या गुडघ्यावर बसला आणि तो रस्त्यातच लोळू लागला. त्याच्याजवळ कुणी थांबलं नाही. शेवटी डुमीसाही मागे राहिला. एवढ्या बायकांच्या अंगावर जायला त्याच्याबरोबर कुणी तयार होईना.

डर्बनची बस आली तेव्हा ड्रायव्हरने रक्त बघून दार लावायला घेतलं. थोकोझिलेने दारात पाय घातला.

"एकच आहे. आणि तो कोरडा आहे."

बोंगुमुसा पायरीवर चढला. खरंच, त्याच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. तो वळला, रडत होता.

"मास्तर, सप्टेंबरला मी येतो. चोरून येतो. खालचा सूर कोण लावणार?"

मास्तरांनी डाव्या हाताने त्याच्या मुस्काटात मारली. आवाज बसमधल्या शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"आलास तर मीच तुझे पाय तोडीन. कळलं? तिकडे तोंड उघडायचं नाही. चर्चमध्ये नाही, अंघोळ करताना नाही. तुझा आवाज लोक लांबून ओळखतात. मुका हो."

"हो, मास्तर."

दार लागलं. बस वळणाआड गेली. थोकोझिलेने डोक्याचा रुमाल सोडून मास्तरांच्या दंडावर करकचून आवळला.

"स्पर्धा?" तिने विचारलं.

"नाही जायचं," मास्तर म्हणाले. "जरा सैल कर, फार दुखतंय."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि तिने गाठ आणखी ओढली.