दहाव्यांदा विकलेलं चित्र

पेंटरभाऊजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते जिन्यात. लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आले त्याचा तिसरा दिवस. कमरेवर भरलेली कळशी, डोक्यावर पदर, आणि समोर एक हाडकुळा माणूस एक डोळा मिटून, अंगठा माझ्या तोंडासमोर धरून उभा! "वहिनी, हलू नका," म्हणाले, "नाकाचं माप घेतोय." मी किंचाळले आणि कळशी त्यांच्या पायावर सोडली. सासूबाई धावत आल्या. "घाबरा नको गो. आपलो पेंटर तो. सगळ्यांच्या नाकाची मापा घेता, पण एक नाक धड काढूक जमात तर शपथ!"

खरंच होतं ते. लालबागपासून शीवपर्यंत निम्म्या दुकानांचे बोर्ड त्यांच्या हातचे. अक्षर असं की वाण्याची पाटी वाचायला माणूस थांबावा. पण बोर्डावर पोट भरत असलं तरी जीव चित्रांत, आणि चित्रांत माणसं म्हणाल तर राम राम! माझं चित्र त्यांनी काढलं तेव्हा आमचे हे बराच वेळ बघून म्हणाले, "पेंटर, ही कोण? हिची मावशी?"

"रंग सुकू दे, मग बोल," पेंटरभाऊजी म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी चित्राबद्दल तोंड उघडलं की लगेच, "रंग सुकू दे, मग बोल." आणि सुकत आला की हे वर दुसरा हात मारून मोकळे. त्यामुळे बोलायची पाळी कुणाचीच कधी आली नाही. माणूस भित्रा होता हो. पोलिसांना नाही, लोकांच्या मताला भिणारा.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालली होती तेव्हाची गोष्ट. बाकीची मंडळी चुन्यात कुंचला बुडवून दोन मिनिटांत भिंतीवर घोषणा लिहायची आणि पळायची. पेंटरभाऊजी दोरी मारून, ओळ आखून, प्रत्येक अक्षराला सावली देत बसायचे. एकदा भर दुपारी हवालदार येऊन मागे उभा राहिला. "अहो, उरका की! साहेब येईल."

"सावली टाकल्याशिवाय अक्षर उभं राहत नाही, हवालदार. जरा डबा धरा."

त्याने धरला! साहेब आला तेव्हा हवालदाराच्या हातात रंगाचा डबा. दोघांनी शिव्या खाल्ल्या, आणि पेंटरभाऊजींना आत घातलं. दुसऱ्या दिवशी सोडलं. फौजदाराच्या नाकाचं माप घ्यायला लागले होते म्हणे.

पण सगळेच असे सुटले नाहीत. आमच्या चाळीतले पाच जण सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि पाच घरांतल्या चुली थंडावल्या. धान्य दिलं तर त्या बायका मानाने परत करायच्या. तेव्हा पेंटरभाऊजींनीच काढलं, "शेटलोक करतात ना चित्रांचा लिलाव, तसा आपण करू. सगळी चाळ मिळून पैसे देईल, म्हणजे भीक नाही होणार."

रविवारी सकाळी चौकात बाकं मांडली. शिवाजी महाराजांची तसबीर होती, कुणाचं देवीचं चित्र होतं, माझा मण्यांचा मोर होता. तो आमच्या मामंजींनीच घेतला, म्हणजे घरातून निघाला आणि घरातच आला. शेवटी पेंटरभाऊजींनी स्वतःचं चित्र आणलं. अकरा वर्षं घरात भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. बंदराच्या पायरीवर पाठमोरी बसलेली बाई. ती त्यांची वारलेली बायको. चेहरा जमेना म्हणून पाठ काढलेली. एवढं एकच चित्र त्यांनी मनापासून जपलेलं, आणि ते कुणाच्या तरी भिंतीवर लागावं ही एकच आस. मला हळूच म्हणाले, "वहिनी, कुणी नेईल ना?"

लिलाव पुकारायला बाबी परब. गावच्या देवळातल्या पावणीत, म्हणजे देवापुढच्या लिलावात, नारळ पुकारणारे ते, घसा खणखणीत. "बोला रे बोला! पैसो काय मेल्यावर वांगडा घेवन जातलास?" शेजारच्या सावंतांनी सात रुपये बोलून चित्र घेतलं. पेंटरभाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सावंतांनी पैसे टाकले, चित्राला हात लावून नमस्कार केला आणि ओरडले, "परत देवाक!"

आमच्या गावची रीतच ती. पावणीत नारळ घ्यायचा, पैसे द्यायचे आणि नारळ पुन्हा देवाला द्यायचा, की त्याचा पुन्हा लिलाव. एकेक नारळ दहादा विकला जातो. मंडळींना वाटलं, लिलाव म्हणजे हेच! दुसऱ्याने घेतलं, "परत देवाक!" तिसऱ्याने, चौथ्याने. पैसे जमत होते, आणि पेंटरभाऊजी पायरीवर बसून बारीक होत होते. सहाव्यांदा परत आलं तेव्हा म्हणाले, "दाखवायला नेलेली पोरगीसुद्धा इतक्यांदा परत येत नाही हो."

मी म्हटलं, "मी सांगते परबांना, थांबवा म्हणून."

त्यांनी समोर बसलेल्या त्या पाच बायकांकडे पाहिलं. "नको. परत आलं की एका घराचं रेशन येतंय. चालू दे."

नऊदा विकलं. दहाव्यांदा बोलले साळवे. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे, आमच्या ह्यांच्याबरोबर मिलमध्ये रिंगखात्यात होते. पाच रुपये मोजले, चित्र काखेत मारलं आणि निघाले.

"अरे साळव्या, परत देवाक म्हण!" चौक ओरडला.

"का म्हणून? पैसे दिले की."

"अरे, रीत असता ती!" परब म्हणाले. "देवळात काय करतत?"

साळवे शांतपणे म्हणाले, "आमच्या गावी देवळातल्या लिलावाला आम्हाला उभंच करत नव्हते, परबदादा. तुमची रीत मला कुठून ठाऊक असणार? चित्र आवडलं. माझी आई अशीच पाठमोरी बसायची, बाप येईपर्यंत. मी नेणार."

 मला तर मान वर करवेना. परबांनी पुकारायला उचललेला हात खाली घेतला. पेंटरभाऊजी मात्र ताडकन उठले. "घरात खिळा आहे का? थांब, हातोडी घेऊन येतो." आणि मोडकी चप्पल फटफटवत साळव्यांच्या मागे वरळीला निघाले.

बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांनी ते स्वतः लावलं. त्यानंतर दर रविवारी वरळीला जायचे. साळवे चहा द्यायचे, काही बोलायला तोंड उघडायचे, की हे लगेच, "रंग सुकू दे, मग बोल." चौदा वर्षं! संयुक्त महाराष्ट्र झाला, साळव्यांची पोरं कामाला लागली, पेंटरभाऊजींचा रंग काही सुकेना.

पेंटरभाऊजी गेले त्या दिवशी साळवे वरळीहून चालत आले, काखेत चित्र घेऊन. मंडळी बाजूला झाली. त्यांनी चित्र पेंटरभाऊजींच्या उशाशी भिंतीला टेकवलं, आणि खाली बसून अगदी कानाशी म्हणाले, "पेंटर, रंग सुकला. आता बोलू? चित्र फार चांगलं झालंय."

जिन्याच्या तोंडाशी बाबी परब उभे होते. ते रडत रडत म्हणाले, "साळव्यानू, ता मात्र परत घरी न्हेवा हां."