गंगेच्या पाण्यातल्या लेन्स

दिराच्या लग्नात चष्मा घालणार नाही, हे मी आधीच जाहीर केलं होतं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोंत डोळ्यांच्या जागी नुसत्या काचा चमकतायत, तेवढं पुरे झालं! लेन्स आणल्या. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, कळवणकडच्या. मला बघून म्हणाल्या, "लय भारी दिसती गं!"

मेंदीवाली घाई करत होती, म्हणून मी लेन्स काढून डबीत ठेवल्या आणि आईंना म्हटलं, "तेवढं बाटलीतलं औषध डबीत ओता हो." सकाळी लेन्स घातल्या आणि वरातीत नाच नाच नाचले.

सत्यनारायण आटोपला आणि उजवा डोळा ठणकायला लागला. असला ठणका की बाळंतपण परवडलं! उजेड सहन होईना. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, डोळे आलेत. थेंब घातले, उतार नाही. शेवटी कॉलेज रोडला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासून विचारलं, "लेन्स पाण्यात ठेवल्या होत्या का?"

"छे! मी काय अडाणी आहे?"

मागून आई अभिमानाने म्हणाल्या, "साधं पाणी नाय हो. बाटली रिकामी व्हती, म्हणून देवघरातल्या गडूतलं गंगेचं घातलं. रामकुंडावरून मीच आणलेलं हाय."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. पाण्यात अमिबा असतो, म्हणाल्या, नदीच्या काय नि नळाच्या काय. लेन्सला चिकटून तो बुबुळात शिरलाय. औषध लांबेल, आणि नजर परत येईलच असं आत्ता सांगता येणार नाही.

आईंचा चेहरा उतरला. मला इतका राग आला होता, पण त्या चेहऱ्याकडे बघून बोलायची सोय राहिली नाही.

मग घरात आईंचं राज्य सुरू झालं. तासातासाला थेंब. ज्या बाईला फोन उचलायचा म्हणजे संकट, ती गजर लावायला शिकली. पडदे ओढून अंधारात माझ्याशेजारी मटार सोलत बसायची आणि हटकून साली पातेल्यात, दाणे कचऱ्यात! मी हसले की डाफरायची, "हसू नको, औषध वाहून जाईल." देवळात पुजाऱ्याने तीर्थ शिंपडलं, तर पदर माझ्या तोंडावर धरून त्याच्यावरच खेकसली.

असे कितीतरी महिने गेले. ठणका थांबला, पण त्या डोळ्यापुढचं धुकं काही हटेना. मग ते हळूहळू विरळ व्हायला लागलं आणि एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझ्या नंबरची काच लावून, डावा डोळा झाकून मला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं.

"वाचा."

मी तोंड उघडायच्या आत मागून कुजबुज आली, "ग... म... र..."

"मावशी, परीक्षा सुनेची आहे!"

आईंनी पदर तोंडाला लावला. क्षणभरच. पुढच्या ओळीला पुन्हा, "त... प... आणि ते काय गं?" त्यांना पुढचं दिसेना.

तिथून खालच्या दोन्ही ओळी मी एकटीने वाचल्या. मागे वळून बघते तर आई पदराने डोळे पुसत होत्या, आणि त्यांच्या हातात मला घालायला आणलेला माझा जुना चष्मा होता.