कापलेली सतरा मिनिटं

फिल्म अठ्ठावीस मिनिटांची होती. मुलाच्या शाळेने आठवीच्या वर्गाला दाखवली ती अकरा मिनिटांची. इथे तमिळ मुलखात, गिंडीच्या एका कारखान्यात मी यंत्रांचे सुटे भाग तपासतो. मापात न बसणारा भाग बाजूला काढणं हे माझं काम. शाळेत उलटं झालं. जे नेमकं मापात बसत होतं तेच काढून टाकलं, आणि ते काढताना पालक समितीचा सभासद म्हणून मी त्या खोलीत होतो.

वयात येताना शरीरात काय बदलतं, त्यातलं साधं काय आणि आजार कोणता, कुणी नको तसा हात लावला तर कुणाला सांगायचं, एवढंच फिल्ममध्ये होतं. हाताने काढलेली चित्रं, तमिळमध्ये बोलणारा एका बाईंचा शांत आवाज. ती घेऊन आलेल्या डॉक्टरबाईंनी एक पैसा मागितला नव्हता. मुख्याध्यापिकांनी प्रत्येकाला विचारलं, काही हरकत? विचारलंच आहे तर काहीतरी काढायला हवं, अशा हिशेबाने मी सोडून प्रत्येकाने एकेक हरकत काढली. शरीराचं चित्र गेलं. पाळीचा भाग गेला, कारण हॉलमध्ये मुलगे बसणार. मुलग्यांचा भाग गेला, कारण मुली बसणार. हात लावण्याचा भाग गेला, कारण त्यात हात लावणारा मामा होता आणि इथे मामाचा मान मोठा. कापायला नको म्हणून हात वर झाला तो माझा एकट्याचा.

उरलं काय, तर रोजची आंघोळ, हिरव्या भाज्या आणि परीक्षेचा ताण. डॉक्टरबाई म्हणाल्या, मग दाखवूच नका. तरी दाखवली, आणि 'उपक्रम पूर्ण' म्हणून पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकले.

समितीत सगळ्यात मोठा आवाज होता आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचा. "सार, या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात," असं ते मला जिना चढतानाही ऐकवत होते. पुढे दीडेक महिन्याने त्यांची मुलगी, माझ्या मुलाच्याच वर्गातली, वयात आली. इथल्या बऱ्याच घरांत याचा समारंभ असतो. फाटकावर दहा फुटी फ्लेक्स लागला. मधोमध रेशमी साडीतली मुलगी, खाली हात जोडलेल्या मामांची रांग. सकाळपासून लाउडस्पीकर. आम्हीही जाऊन पानावर जेवलो. समारंभाला माझी ना नाही; कौतुक झालं तर बरंच आहे. पण ती मुलगी मान वर करत नव्हती. तिला काय झालंय हे अख्ख्या रस्त्याला कळवलं होतं. ते का होतं, हे तिला सांगायला मात्र तिच्याच वडिलांनी शाळेत बंदी घातली होती.

त्याच सुमारास माझ्या मुलाचं जेवण तुटलं. फुटबॉल सोडला. पहाटे उठून आपली चादर आपणच धुवायला लागला. बायको म्हणाली, "मला काही सांगत नाही तो. तुम्ही विचारून बघा."

रविवारी त्याच्यामागोमाग गच्चीवर गेलो. पाण्याच्या मोटरीवर पावसाचा आडोसा म्हणून तळमजल्याचा तोच फ्लेक्स बांधला होता. चादरीचं एक टोक मी धरलं. तो म्हणाला, "बाबा, आपल्या बॉडीत ब्लड किती लिटर असतं?"

मी म्हटलं, तुझ्याएवढ्या मुलाच्या अंगात तीन-सव्वातीन असेल. त्याने मनात हिशेब केला. माझाच मुलगा तो.

"मग फार दिवस नाहीत," तो म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. स्वतःला वैद्य म्हणवणारा कुणी मोबाइलवर सांगत होता की झोपेत जे जातं, त्याच्या एका थेंबामागे शंभर थेंब रक्त संपतं, आमचं औषध घ्या. वर्गातली सगळी मुलं तो व्हिडिओ बघत होती. यानं गुणाकार केला होता. मी सांगितलं की हे सगळ्या मुलांना होतं, मलाही झालं, रक्ताचा यात काही संबंध नाही, तो माणूस औषध खपवायला खोटं बोलतोय. त्याने ऐकून घेतलं, पण त्याला वाटत होतं की बाप नुसता धीर देतोय. मग तो फ्लेक्सकडे बघत म्हणाला, "तिला झालं तर बोर्ड लावला. मला झालं ते मी कुणाला विचारायचं?"

सोमवारी मुख्याध्यापिकांना भेटलो. त्या म्हणाल्या, "सार, हे घरीच सांगायचं असतं."

"घरी मी एकाला सांगतो, मॅडम. तो औषधवाला सगळ्या वर्गाला सांगतोय. त्याला मैदान तुम्ही मोकळं करून दिलंत."

त्यांनी कॉफी मागवली. मी ती तशीच ठेवून उठलो.

डॉक्टरबाईंकडून पूर्ण फिल्म आणली. वर्गातल्या मुलांच्या घरी फोन केले, की येत्या रविवारी फिल्म बघायला आमच्याकडे पाठवा. बहुतेकांना नेमकं त्याच रविवारी लग्नाला जायचं होतं. चार मुलगे आले. तळमजल्यावरच्या बाई मुलीला घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "यांना कळू देऊ नका."

मुलग्यांचा भाग तीन मिनिटांचा होता. यात रक्त जात नाही, हा आजार नाही, औषध लागत नाही, असं फिल्ममधल्या बाईंनी शांतपणे सांगितलं. माझा मुलगा पुढे सरकून बसला होता. सगळे गेल्यावर त्याने विचारलं, "एवढंच होतं?"

"एवढंच."

तो आत गेला आणि आईकडे दहीभात मागितला. बायकोने डोळे पुसले. मला मात्र रडू आलं नाही, संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. एवढंच होतं, तर माझ्या मुलाला अंगातलं रक्त मोजत का बसावं लागलं? वर्गात बेचाळीस मुलं-मुली आहेत. माझ्या घरी सहा जणांनी फिल्म पाहिली. बाकीच्यांनी हिरव्या भाज्या पाहिल्या आहेत.