स्वयंपाक कुणाचा

हरिहरेश्वरला अस्थी घेऊन येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आमची खाणावळ होती. आमची म्हणतो, पण होती ती वहिनीची. भाऊ गेल्यावर तिनेच काढली. ती आत रांधायची, मी बाहेर वाढायचो. तिने केशवपन करून घेतलं नव्हतं, आणि केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणीसुद्धा तेव्हा कुणी घेत नसे. गावाला ठाऊक होतं, पण गाव आमच्याकडे जेवत नव्हतं. यात्रेकरू कधी विचारत नसत.

शेजारच्या काकांची सतरा वर्षांची मुलगी नुकतीच विधवा झाली होती. काका न्हाव्याला बोलावणार होते. वहिनी त्यांना म्हणाली, "थोडं थांबा, काका. एखाद्या मोठ्या माणसाने माझ्या हातचं जेवून, मला समोर बघून बरं म्हटलं, तर ऐकाल?"

"म्हणू दे की कुणी. मग बघू."

मला म्हणायची, "भावजी, अन्न एकदा पोटात गेलं की मी बाहेर येणार. ओकून टाकतात का बघू!" आणि हसायची.

एका दुपारी पंगतीला एक वृद्ध शास्त्रीबुवा आले. काका मुद्दाम ओटीवर येऊन बसले. शास्त्रीबुवांनी वालाचं बिरडं तिसऱ्यांदा मागून घेतलं.

"अरे, आचारी कोण तुमचा? बोलवा त्याला. हात बघू दे!"

पंगत हसली. वहिनी आतल्या दाराशी आली. डोक्यावरचा पदर तिने खाली घेतला होता. ती फक्त मला दिसत होती.

"दिवेआगरचा ब्राह्मण आहे," मी म्हणालो. "आत्ताच समुद्रावर गेला."

पंगत पानावरून उठेल म्हणून तसं बोललो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. बाईच्या खाणावळीत वाढप्या आहे, हे त्या माणसासमोर सांगायची मला लाज वाटली.

तिला कुणी अडवलं नव्हतं. पण ती उंबरा ओलांडती तर मी सगळ्यांसमोर खोटा पडलो असतो. तिने पदर वर घेतला, ताकाचं भांडं माझ्या हातात दिलं. "जा. लोकांचा भात खोळंबलाय."

काका उठून गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मागल्या दारी न्हावी आला. वहिनी त्या मुलीचा हात धरून शेवटपर्यंत बसली होती. परत आली, न्हाली, चुलीपाशी गेली. मला एका शब्दाने बोलली नाही. पण भावजी अशी हाक तिने मला त्यानंतर कधी मारली नाही.