सोयरातला भंडारा

आमच्या फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे. नळदुर्गची बस इथंच थांबते, त्यामुळे लिंबाजीचा नवा जन्म मी दर रविवारी जाता-येता ऐकलाय. चार वर्षांपूर्वी बोरी नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी हा गडी इतका प्यायचा, की तो मेंढरांना नव्हे, मेंढरंच त्याला घरी आणायची. बायको आजारात गेली, पोरांनी वेगळं बिऱ्हाड केलं आणि कुणीतरी त्याला नळदुर्गच्या प्रार्थनेला नेलं. तिथं दारू सुटली ती सुटलीच. हे कबूल करायला मला कधी जड गेलं नाही. डोकं उठायचं ते त्याच्या साक्षीनं.

साक्ष म्हणजे प्रार्थनेत उभं राहून आपण आधी कसे होतो आणि येशूनं कसं बदललं ते चार माणसांत सांगायचं. लिंबाजीचं तेवढ्यावर भागायचं नाही. उरलेलं माझ्या बाकावर बसून सांगायचा.

"लई पापी व्हतो. प्रभूनं समदं धुऊन काढलं. आता ह्यो लिंबाजी नवा हाय."

"मग नव्या लिंबाजी, चहा जुन्यासारखा सांडू नकोस," मी म्हणायचो.

त्या साक्षीत दारू असायची, शिव्या असायच्या, बायकोवर टाकलेला हातसुद्धा असायचा. कल्याणप्पा मात्र कधीच नसायचा.

कल्याणप्पा कर्नाटकातल्या आळंदकडचा. बायको नागम्माला घेऊन इथं आला आणि लिंबाजीच्या जोडीनं गावाची मेंढरं राखू लागला. एका भाकरीतली अर्धी अर्धी खाणारे दोघं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एकदा लिंबाजीनं दोन मेंढरं हायवेच्या ढाब्यावर देऊन टाकली आणि त्या बदल्यात आठवडाभर प्यायला. मेंढरं कमी भरली तशी पंचांनी दोघांना बिरोबाच्या देवळात बोलावलं. आमच्याकडं अशा वेळी भंडारा उचलायला लावतात. देवापुढची हळद मुठीत घेऊन, मी केलं नाही, असं म्हणायचं. खोटं बोलणाऱ्याला देव बघून घेतो.

लिंबाजीनं भंडारा उचलला. कल्याणप्पानं उचलला नाही.

"घरात सोयर हाय," तो म्हणाला. "परवाच पोरगी झाली. म्या भंडाऱ्याला हात कसा लावू? धा दिस थांबा."

बाळंतपणाच्या विटाळात देवाच्या वस्तूला हात लावत नाहीत, हे देवळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. थांबले असते तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण लिंबाजी ओरडला, "सोयराचं निमित्त करतोय! चोर न्हाय तर भितो कशाला?" आणि मग पंचही ओरडायला लागले. तिसऱ्या दिवशी ओल्या बाळंतिणीला आणि पाच दिवसांच्या लेकराला घेऊन कल्याणप्पानं गाव सोडलं आणि आळंद गाठलं. देवाला मानणारा माणूस चोर ठरला आणि देवाला फसवणारा हळदीचा हात घेऊन घरी गेला.

मी तेव्हा पुण्याला कामाला होतो. हे सगळं मला लिंबाजीनंच सांगितलं, गेल्या वर्षी. नळदुर्गच्या पास्टरांना त्यानं बाप्तिस्म्याआधीच सांगितलं होतं. तेव्हाच ते म्हणाले होते, "देवानं तुम्हाला क्षमा केली, ती फुकट दिलीय. पण तिथंच बसू नका. कल्याणप्पाकडं जा."

"मग गेला का नाहीस?" मी विचारलं.

"वरच्या कोर्टात निकाल लागला व्हता. म्हणलं, खालच्या कोर्टात कशाला जायचं?"

माझं टाळकं सरकलं. आळंद काय सातासमुद्रापलीकडं आहे? दुसऱ्या दिवशी मीच त्याला बसमध्ये बसवलं.

तो गेला तेव्हा कल्याणप्पा नव्हता. दिवाळीनंतर वारला होता. नागम्मा त्याच्याही आधी गेलेली. दारात एक बाई उभी होती, शरणम्मा. ती पाच दिवसांची पोर. लिंबाजीनं तिच्यापुढं हात जोडून सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही.

"माझ्या जन्मामुळं आप्पांच्या कपाळी चोरी लागली, असं आमच्या घरात समदे म्हणायचे," ती म्हणाली. "आजी मला पांढऱ्या पायाची म्हणून हाक मारायची. कुठल्या शुभकार्याला पुढं येऊ दिलं न्हाय. माझ्या एकटीपाशी सांगून काय व्हनार? जितं बोललात, तितं बोला."

म्हणून ती आमच्या गावी आली. बिरोबाच्या देवळासमोर लिंबाजी उभा राहिला. साक्ष द्यायला कधी न लाजणारा माणूस घामानं भिजला होता.

"मेंढरं म्या इकली. कल्याणप्पा चोर न्हवता. ह्या पोरीचा काई दोष न्हवता."

कट्ट्यावरच्या पोरांनी मोबाईलमधून मान वर केली. कल्याणप्पा कोण, हे त्यांना माहीतही नव्हतं. त्या वेळच्या पंचांपैकी एकच म्हातारा उरलाय. तो म्हणाला, "जाऊ दे लिंबा. लई जुनं झालं. कुणाच्या ध्यानात हाय आता?"

"माझ्या हाय," शरणम्मा म्हणाली.

मी मान खाली घातली. तिच्यासाठी मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, त्याच्यासाठीही.

बसची वाट बघत दोघं माझ्याच बाकावर बसले. लिंबाजीनं विचारलं, "पोरी, माफ केलंस का?"

"आप्पांनी तुमाला कवाच माफ केलं व्हतं. म्हणायचे, लिंबाला झोप येत नसंल, यील एक दिस. दिवाळीपातुर वाट बघितली त्यांनी." तिनं चहा संपवून पेला खाली ठेवला. "मला अजून जमत न्हाय. जमलं तर सांगंन."

लिंबाजी अजून दर रविवारी जातो. येशूवरचा त्याचा विश्वास ढळलेला नाही, उलट वाढलाय. पण माझ्या बाकावर साक्ष देणं बंद झालंय. मध्यंतरी त्याच्याबरोबर जाणारा एक जण सांगत होता, प्रार्थनेतही आता तो फार बोलत नाही. उभा राहतो आणि म्हणतो, "प्रभूनं मला माफ केलं. कल्याणप्पानंबी केलं व्हतं. ती माफी घ्यायलाच म्या येळंवर गेलो न्हाय." एवढं बोलून खाली बसतो.