उजव्या हाताची साक्ष

आमची मावशी लग्नाला बाह्या दुमडून जायची. दोन्ही कोपरांवर लालभडक, सुजलेली, खवले धरलेली कातडी, आणि बाई पंगतीत मुद्दाम हात लांब करून वरण मागणार. शेजारणीने पत्रावळ जरा पलीकडे सरकवली की मावशी तेवढीच अलीकडे सरकायची. "मन्हा हात शे, उसना आनेल नही," म्हणायची. लोणखेड्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली होती. शहाद्यात तिला शेवाळ मॅडम म्हणत आणि पदवीपेक्षा तिला तेच आवडे.

कारण घरामागचं टाकं. त्यात ती निळंहिरवं शेवाळ वाढवायची, फडक्यातून गाळून सावलीत वाळवायची आणि त्याचा अर्क मेणात नि तेलात घोटून सूज उतरवायचं मलम करायची. वास उन्हाळ्यात आटलेल्या डबक्याचा. हे मलम ती लावायची फक्त डाव्या कोपराला. उजवा खाजून खाजून तिला झोपू देत नसे, म्हणून एकदा मी म्हटलं, दोन्हीला लाव की.

"मंग फरक कशावर पाहू? उजवा हात मन्हा साक्षीदार शे."

डाव्याची आग हळूहळू शमली, सूज बरीच उतरली, डाग राहिले. विचारणाऱ्याला ती दोन्ही सांगायची, डाग आधी.

मी तेव्हा तिच्याकडे राहून फार्मसीचं पहिलं वर्ष दुसऱ्यांदा करत होतो, म्हणजे अनुभवी होतो. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. लेकी माहेरी येणार म्हणजे घर लख्ख हवंच, आणि सणाच्या आदल्याच दिवशी सुरतेचा एक व्यापारी मलम बघायला यायचा होता. मावशी बाजारात गेली आणि मला सेवेचा झटका आला. टाकं उपसलं, हिरवं पाणी लिंबाला घातलं, काथ्याने तळ घासला, वर चुना मारला. शेवाळाच्या टाक्यातून शेवाळच काढून टाकणारा भावी फार्मासिस्ट अख्ख्या खानदेशात मी एकटाच असेन. मावशीने परत आल्यावर टाक्यात वाकून पाहिलं, "चांगलं घासं," म्हणाली आणि आखाजीला मला आमरस वाढला नाही.

व्यापारी मात्र पांढरंशुभ्र टाकं बघून खूश झाला. शेवाळाची कटकट हवीच कशाला, म्हणाला. हिरवा रंग घालू, थोडं स्टेरॉइड मिसळू, सकाळपर्यंत कातडी गुळगुळीत. डबीवर नाव मॅडमचंच, माल गुजरातभर जाईल. माझं पाप परस्पर धुतलं जात होतं, म्हणून मी जोरात मान डोलावली. मावशीने दोन्ही कोपरं त्याच्यापुढे टेबलावर ठेवली.

"डाव्याले टाइम लागना. पन जे उतरनं ते खरं उतरनं. तुमना मलमले मी मन्हं नाव लागू देवाव नही."

मग उजवा हात जन्मभर असाच राहील, तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. तो खोटं बोलस नही."

खिडकीतल्या बाटलीत तिने बियाण्यापुरतं शेवाळ राखलं होतं. त्यावरून टाकं पुन्हा हिरवं व्हायला पावसाळा आला. तोवर चुना खरवडायचं काम माझ्याकडे. मलमावाचून डावं कोपर पुन्हा पेटलं. तरी ती बाह्या दुमडूनच लग्नांना गेली, मला सोबत नेऊन. "हाऊ मन्हा भाचा. यानीच टाकं धोयं," अशी ओळख करून द्यायची.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. श्रद्धांजलीचा फ्लेक्स एसटी स्टँडसमोर लावायचा ठरला. फोटोत ती हात जोडून उभी, दोन्ही कोपरं समोर. फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर ती गुळगुळीत केली होती आणि चेहराही उजळून दिला होता.

"भाऊ, मयतना फोटोवर डाग बरा दिखत नही," तो म्हणाला.

मी मूळ फोटोच छापायला लावला. डावा फिका, उजवा भडक, होते तसे. लोक विचारतील, तो कुरकुरला.

"इचारू दे," मी म्हटलं. तिचं एकदा नको ते साफ करून मी आमरस घालवला होता. दुसऱ्यांदा कुणाला करू देणार नव्हतो.