अंबू दिवसेंदिवस बरी होत गेली

बेबीताईंची मुलगी सारिका पुण्याला औषधांच्या कंपनीत नोकरीला लागली, त्या पहिल्या महिन्यात बेबीताईंनी तिला रोज आठ-नऊ फोन केले. पोचलीस का, जेवलीस का, छत्री नेलीस का, आणि मघाच्या फोनवर आवाज बसल्यासारखा काऊन येत होता. एका दुपारी सारिकाने फोन उचलला नाही. ती मीटिंगमध्ये होती. बेबीताईंनी पिशवीत दोन साड्या, पाण्याची बाटली आणि हळदीची पुडी टाकली आणि संग्रामपूरहून नांदुऱ्याची एसटी धरली. स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत त्यांच्यापुढे दोनच माणसं उरली होती, तेव्हा सारिकाचा फोन आला. ती म्हणाली, मी जिवंत आहे, तू घरी जा.

त्यानंतर मायलेकींत तह झाला. फोन फक्त रविवारी. त्याच्या बदल्यात सारिका रोज संध्याकाळी सात वाजता मोबाईलवर दिसेल, तेही पुराव्यानिशी. पुरावा असा, की दुसरबीडचे निवृत्त मुख्याध्यापक दयाराम सर यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'रोज तीन पानं' नावाचा एक ग्रुप काढला होता. एक जुनी गाजलेली कादंबरी, पानं सहाशे बारा, सगळ्यांनी मिळून सावकाश वाचायची. रोज तीन पानं वाचून बरोबर सातला ग्रुपवर 'हजर' लिहायचं आणि जमलं तर पुढे एखादा शब्द. दोघी मायलेकी ग्रुपमध्ये शिरल्या. बेबीताई बुलढाण्याच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेल्या. लग्नानंतर बावीस वर्षांत त्यांच्या हाती पुस्तक असं आलं ते पोथी नाहीतर बियाण्याच्या कंपनीचं माहितीपत्रक. त्यांना वाचनाचाही आनंद होताच. पण खरी गोष्ट होती सातची.

सातला सारिका लिहायची, 'हजर. छान.' बेबीताई त्या दोन शब्दांकडे डॉक्टरने नाडी पाहावी तसं पाहायच्या. 'छान'पुढे पूर्णविराम असला तर पोरगी जेवली. नसला तर दमली. एकदा तिने 'छानच' लिहिलं, तर बेबीताईंनी नवऱ्याला विचारलं, कुणी मुलगा भेटला असेल काय हो. तुळशीराम म्हणाले, एका 'च'वर जावई ठरवू नको.

तुळशीरामांना त्या वर्षी स्वतःचीच मोजदाद होती. सहा एकर बीटी कपाशी. पाकिटावर लिहिलं होतं की हिला अळी लागत नाही, आणि अळीने पाकीट वाचलेलं नव्हतं. बोंड बाहेरून हिरवंगार, दाबून फोडलं की आत गुलाबी अळी लोळत पडलेली. कृषी सहायकाच्या सांगण्यावरून त्यांनी शेतात पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावले होते आणि रोज सकाळी जाऊन ते किती पतंग अडकले ते मोजायचे. घरात दोन माणसं, एक सकाळी पतंग मोजायचं आणि एक संध्याकाळी हजेरी. पतंग वाढत गेले. हजेरी मात्र एक दिवस चुकली नाही, आणि त्या जोरावर बेबीताईंना रात्री झोप लागायची.

दयाराम सरांचा नियम एकच आणि कडक होता. पुढे जायचं नाही. तीन म्हणजे तीन पानं. शेवट आधी वाचणारा माणूस, सर लिहायचे, तिकीट न काढता गाडीत बसणाऱ्यासारखा असतो. नियम मोडणाऱ्याला काढून टाकण्यात येईल.

बेबीताईंनी नियम मोडला तो चांगुलपणाने, आणि त्याला कारण कापूस.

कार्तिकात वेचणी सुरू झाली. वेचायला गावातल्या बाया यायच्या, त्यांची म्होरकी बिस्मिल्ला आपा. ओळींचा जो पट्टा एका बाईच्या वाट्याला येतो त्याला पात म्हणतात. कमरेला ओटी बांधून बाया धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एका रांगेत निघतात. कुणाचा हात चपळ, कुणाचा नाही. पण आपाच्या टोळीची रीत अशी, की जिची पात आधी संपेल तिने सावलीत बसायचं नाही. मागे पडलेलीच्या पातीत पलीकडच्या टोकाकडून शिरायचं आणि वेचत वेचत तिला सामोरं जायचं. मध्ये गाठ पडली की पात संपली. शेतात रानडुकरं, दिवस लवकर मावळतो. एकटीला मागे टाकून कुणी घरी जात नाही. बेबीताईही त्यांच्यात वेचायला उतरत. त्या वर्षी मजुरी लावून सगळं वेचणं परवडत नव्हतं.

अशात नांदुऱ्याच्या मलिहाने बेबीताईंना वेगळा मेसेज पाठवला. मलिहा उर्दू शाळेत मराठी शिकवायची, ग्रुपमध्येच होती, आणि तिला पाच महिन्यांचं बाळ होतं. ग्रुप चारशे विसाव्या पानावर, ही एकशे ऐंशीवर. तिने लिहिलं, ताई, मी ग्रुप सोडते, मला आता काही गाठता येत नाही.

बेबीताईंनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी उत्तर धाडलं, तू तुझ्या बाजूने वाचत ये, मी पलीकडून येते.

आणि त्या खरंच पलीकडून निघाल्या. कादंबरीचं शेवटचं प्रकरण त्यांनी आधी वाचलं आणि दुपारच्या सुटीत लिंबाखाली बसून फोनमध्ये बोलून मलिहाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीचं प्रकरण. तिसऱ्या दिवशी त्याच्याही आधीचं. मध्ये कुठेतरी, साधारण एकोणिसाव्या प्रकरणाशी, दोघींची गाठ पडणार होती. मराठीच्या बी.ए.ला यात काही चुकीचं दिसलं नाही. मराठीच्या शिक्षिकेलाही दिसलं नाही, कारण तिला पाच महिन्यांत सलग चार तास झोप मिळाली नव्हती.

भाकरी खाता खाता बाया ऐकायच्या. कादंबरीतली अंबू ही मोठ्या घरातली सून, आणि पहिली दोनशे पानं ती बहुतेक खिडकीशी उभी असायची. एरवी बिस्मिल्ला आपाला ती मुळीच पटली नसती. पण आपाने गोष्ट ऐकायला सुरुवात केली तीच अंबूच्या मरणापासून. पहिल्या दिवशी अंबू मेली. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणाला खिळलेली होती, पण बोलत होती. तिसऱ्या दिवशी नुसता खोकला. चौथ्या दिवशी ती नदीवर धुणं धूत होती आणि पाचव्या दिवशी तिचा रुसलेला नवरा घरी होता.

"हे पुस्तक बरं हाये," आपा चटणी चाटत म्हणाली. "बाई मेली, मंग बरी झाली, मंग नवरा बी आला. दिवसेंदिवस बरंच होऊन राह्यलं. नाहीतर आपली कपाशी पाहा."

"आपा, थे मी उलटं वाचून राह्यली."

"मंग उलटंच वाचत जा न, ताई. सुलटं वाचून कोणाचं भलं झालं?"

बाया हसल्या. बेबीताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या मनात आलं की असंच मागे मागे जात राहिलं तर एक दिवस अंबूचं लग्न होईल, त्याला या बाया नटून येतील की काय.

लग्नापर्यंत गोष्ट गेलीच नाही. त्या शनिवारी ग्रुपवर आठवड्याचं टिपण लिहायची पाळी मलिहाची होती. बाळ नुकतं झोपलं होतं. तिने भराभर, मनापासून लिहिलं, आणि चांगलं लिहिलं, की अंबू ज्या रात्री जाते त्या रात्रीचं वर्णन वाचून आपण खूप रडलो, इतकी शांत मृत्युशय्या आपण कुठे वाचली नाही.

सेहेचाळीस माणसांच्या ग्रुपमध्ये एकदम खळबळ उडाली. अकोल्याच्या एका डॉक्टरांनी लिहिलं की मी अंबूसाठी चार महिने थांबलो होतो. कुणीतरी फक्त काळं हृदय पाठवलं. दयाराम सरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, हे कुणाचं काम? मलिहा बिचारी गोंधळली, तिने लिहिलं, सर, पुस्तकातच आहे. बेबीताईंच्या लक्षात सगळं एकदम आलं, भाकरी तव्यावर करपत असताना. त्यांनी लिहिलं, सर, तिचा दोष नाही, मी तिच्या पातीला पलीकडून लागले होते. सरांना हे वाक्य कळलं नाही, पण कबुली कळली. सातला चार मिनिटं कमी असताना फोनवर अक्षरं उमटली, की दयाराम सरांनी तुम्हाला काढून टाकलं आहे.

बेइज्जतीचं बेबीताईंना तासाभराने वाटलं. आधी वाटलं ते हे, की आज सारिकाची हजेरी आपण पाहिली नाही, आणि आता उद्याही दिसणार नाही.

त्या रविवारी पुण्यात सारिकाला कामावर जावं लागणार होतं, म्हणून ठरलेला फोन आधीच रद्द झालेला. म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत काहीच नाही. सोमवारी संध्याकाळी बेबीताई ओसरीवर फोन मांडीवर घेऊन बसल्या. सात वाजले. त्यांनी बंद ग्रुप उघडून पाहिला. शनिवारचीच अक्षरं.

तुळशीराम सापळ्यांची वही बाजूला ठेवून म्हणाले, "लाव न फोन. कोण पाह्यते?"

"शब्द देला हाये."

"पोरीले देलेला शब्द. कोर्टात थोडीच देला."

"तिच्याच कामाचा हाये तो," बेबीताई म्हणाल्या. "मी मोडला तं ती मले परत काही सांगणार नाही. बरी असली तरी नाही, आजारी असली तरी नाही."

तुळशीरामांनी वही पुन्हा उघडली. सव्वासात झाले. बेबीताईंनी मनातल्या मनात एसटीचं वेळापत्रक म्हटलं. पिशवी त्यांनी भरली नाही, पण खुंटीवरून काढून उलटी करून झटकली. त्यात धूळ साचली होती, एवढंच कारण त्यांनी स्वतःला सांगितलं.

सात वीसला फोन वाजला. सारिका.

"आई, अंबू खरंच मरते?"

बेबीताईंच्या जिवात जीव आला, आणि जिवात जीव आला की त्यांना राग यायचा. "तुले काऊन पाह्यजे? तू तं रोज वाचून राह्यली न. चारशे विसाच्या पुढे गेली असशील."

पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं.

"मी एकेचाळिसाव्या पानावर आहे."

"कवापासून?"

"नागपंचमीपासून."

बेबीताईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. नागपंचमीपासून म्हणजे चार महिने. चार महिने त्या 'छान'वर झोपल्या होत्या, आणि 'छान' तर काही न वाचताच लिहिलेलं होतं. सारिका भडाभडा बोलू लागली. कामावरून यायला नऊ वाजतात. सातला ती कंपनीच्या जिन्यात उभी राहून 'हजर' लिहायची. कारण एक दिवस जरी चुकलं तर तू नांदुऱ्याला उभी राहशील, हे तिला ठाऊक होतं. मधे तिला आठ दिवस ताप आला होता, तेव्हाही तिने 'हजर, छान' लिहिलं होतं.

"'छानच' तवाचं का?" बेबीताईंनी विचारलं.

"हो. गोळी लागू पडली होती त्या दिवशी."

रागवावं तर पोरीने सगळं त्यांच्याच भीतीपोटी केलं होतं. शेवटी बेबीताई म्हणाल्या, "तापाचं सांगायला पाह्यजे होतं. मी आले नसते."

"आई, तू आली असतीस."

"आले असते," बेबीताईंनी मान्य केलं.

आणि मग, पहिल्यांदाच, प्रश्न विचारायचं सोडून त्या गप्प राहिल्या. तेव्हा सारिका आपणहून सांगत गेली. खोलीवरची मुलगी घोरते. साहेब कामाचा नाही, पण माणूस बरा आहे. कधी कधी जिन्यात 'हजर' लिहिताना रडू येतं. मग म्हणाली, माझ्याने वाचणं होत नाही, तूच सांग ना रोज. सातला दहा मिनिटं जिन्यातून मीच फोन लावत जाईन. बेचाळिसाव्या पानापासून सांग.

चार दिवसांनी दयाराम सरांचा फोन आला. आवाज उतरलेला. ते म्हणाले, मलिहामॅडमच्या टिपणानंतर लोकांनी मला एकेक करून सांगायला सुरुवात केली. कुणी साठाव्या पानावर, कुणी नव्वदाव्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी पुस्तक अजून विकतच घेतलेलं नाही. सेहेचाळीसांत खरे वाचणारे आपण दोघंच निघालो, बेबीताई. तुम्ही परत या.

बेबीताई म्हणाल्या, येईन सर, पण साडेसातनंतर. सातला माझी मुलगी फोनवर असते, मी तिला गोष्ट सांगते.

मग, आयुष्यभर दुसऱ्यांना परवानग्या दिलेल्या माणसाला जमेल तेवढ्या नम्रपणे, सरांनी विचारलं, "मीही सातला त्याच फोनवर आलो, नुसतं ऐकायला, तर चालेल का?"

"नाही चालणार, सर," बेबीताई म्हणाल्या.